चौथा मजला, लिफ्ट चालू

माणूस चांगला आहे याबद्दल तिचं आणि सगळ्या जगाचं एकमत होतं. फक्त जगाला त्याच्याबरोबर घर विकत घ्यायचं नव्हतं आणि तिला घ्यायचं होतं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बावीस वर्षं तेच काम. कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'दोनदा' म्हणत, कारण एकदा आवळलेला नट दुसऱ्यांदा पाना लावून बघितल्याशिवाय तो गच्चीवरून खाली उतरत नसे. घरीही तेच. गॅस दोनदा, कुलूप दोनदा, नळ दोनदा. एकदा तिच्या मामेबहिणीच्या लग्नाला निघालेली ही दोघं कोपऱ्यावरून परत आली, कारण खिडकीची कडी लावल्याचं त्याला आठवत होतं, पण एकदाच लावल्याचं आठवत होतं. लग्नघरी पोचली तेव्हा लोक जेवून हात धूत होते. सोळा वर्षांच्या संसारात बायकोला अशा गोष्टींची सवय होते म्हणतात. तिला झाली नव्हती. ती दर वेळी वैतागायची आणि दर वेळी दारात पर्स घेऊन उभी राहायची, त्याचं दुसऱ्यांदा बघणं संपेपर्यंत.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्याने संसारालाही लावला होता. भार वाढवून धरायचा, ताकद कमी धरायची. लिफ्टमधल्या पाटीवर 'आठ माणसे' लिहिलेलं असतं, तेव्हा वरचे दोर त्याच्या दसपट ओझं पेलतील असे घातलेले असतात. घरी कुणी आलं की तो हे त्यांचा चहा गार होईपर्यंत समजावून सांगायचा. जेवताना त्याच्याकडे दुसरा माल असायचा. कोण दोन मजल्यांच्या मध्ये तीन तास अडकलं, कुठल्या कचेरीत दार उघडलं आणि मागे लिफ्टच नव्हती, कुणाच्या कोटाचं टोक दारात सापडलं. त्याने ते कसं नीट केलं हे शेवटी यायचं, पण तोवर त्याच्या आईचा घास हातातच थांबलेला असायचा. आई बोलायच्या काही नाहीत. "हं" म्हणायच्या आणि पाणी प्यायच्या.

आणि या माणसाचं स्वतःचं बिऱ्हाड होतं तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या, बिनलिफ्टच्या इमारतीत. पायऱ्या एकसष्ट. पाच महिन्यांपूर्वी आई डॉक्टरांकडून परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसल्या, गुडघे धरून अर्धा तास बसल्या, आणि त्यानंतर खाली म्हणून उतरल्या नाहीत. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी फिरायला जाणारी बाई. आता खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. समोरचा फळवाला कुणाच्या पिशवीत डागी फळ सरकवतो हे त्यांना वरून स्वच्छ दिसायचं आणि त्याला चार शब्द सुनवायला खाली जाता यायचं नाही. शेजारी गमतीने म्हणायचे, लिफ्टवाल्याची आईच वर अडकली. नवरा त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरात आल्यावर बूट जरा जोरात ठेवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज थोडं चालल्या नाहीत तर वर्षभरात घरातल्या घरातही चालता येणार नाही. घर घ्यायचं होतं ते एवढ्यासाठी. हौस नव्हती त्यात.

घर सापडलं ते एका निवृत्त नर्सबाईंचं. जाहिरात चार शब्दांची होती: चौथा मजला, लिफ्ट चालू. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खाली रस्ता ओलांडला की झाडं असलेलं मैदान, कडेने बाकं. घर बघायला गेले तेव्हा नवरा दारातूनच "आलोच" म्हणून वर गच्चीवर लिफ्टच्या मोटरच्या खोलीत गेला तो पाऊण तास आला नाही. तेवढ्यात तिने नर्सबाईंबरोबर सगळं घर बघितलं. ओट्याची फरशी तडकलेली होती, कपाटांची दारं लोंबत होती, पण उजेड भरपूर होता. तिने मनातल्या मनात नवा ओटा बसवून, त्यावर भांडीही मांडून टाकली. मग नवरा आला, कोपरापर्यंत काळा.

"घर छान आहे," तो म्हणाला.

"तुम्ही बघितलंत कुठे?"

"दोर दोन वर्षांपूर्वी बदललेत. ब्रेकही चांगला आहे. छान आहे घर."

नर्सबाई हसल्या. त्यांना हे गिऱ्हाईक आवडलं असावं, कारण रोख पैसे घेऊन दुसरा एकजण दारात उभा असतानाही त्यांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. सहा आठवडे होते. घरी येऊन आईंना सांगितलं. आईंनी विचारलं, "लिफ्टने जावं लागतं का?" "हो ना, म्हणून तर घेतोय," नवरा म्हणाला. "हं," आई म्हणाल्या. त्या 'हं'कडे दोघांपैकी कुणी लक्ष दिलं नाही.

पहिल्या बँकेने आठ दिवसांत नाही म्हणून कळवलं. दुसरीने हो म्हटलं, पण लागणार होतं त्याच्या निम्मं द्यायची तयारी दाखवली. उरलेलं निम्मं घर काय हवेत ठेवायचं, असं तिने तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या खर्चाकडे बघता एवढंच बसतं." ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. बँकेत जायचं म्हणजे दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापून. दोन अर्धे दिवस गेले होते. बँकांच्या नावाने ती घरी बोटं मोडत होती. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, कुणाचं एक पैशाचं देणं नाही, आणि यांना आमचे खर्च दिसतात. नवरा मान हलवायचा. "त्यांचंही बरोबर असेल," असं म्हणायचा. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

तिच्या धाकट्या भावाचा सल्ला तर रोज फोनवर चालू होता. त्याने आजवर मोबाइल विकले, गाड्या विकल्या, मधे सहा महिने गाद्या विकल्या, आणि प्रत्येक धंद्यात त्याला कर्जातलं कळत गेलं असं त्याचं म्हणणं होतं. "ताई, फार विचार करू नका. जिथे हप्ता कमी तिथे सही. भाऊजींच्या हातात कागद देऊ नकोस फक्त." हे शेवटचं वाक्य तिने मनावर घ्यायला हवं होतं. पण अर्ज भरणं तिने नवऱ्यावरच सोपवलं होतं, त्याचं अक्षर सुरेख म्हणून.

तिसऱ्या बँकेत कर्जाच्या टेबलामागे टाय लावलेला एक तरुण होता. त्याने अर्ज वाचायला घेतला आणि मध्येच थांबला.

"औषधांचा खर्च महिन्याला एवढा? घरात मोठा आजार आहे का कुणाला?"

"आजार नाही. गुडघे आहेत," ती म्हणाली. औषधं तीच आणायची. पुढे वाकून तिने तो आकडा बघितला आणि तिला वाटलं आपला चष्मा बदलायला आलाय.

"आणि वीज. घरी काही यंत्रं चालतात?"

नवरा छताकडे बघत होता. छताकडे बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिने टेबलावरून अर्ज उचलला, "पाच मिनिटं," म्हणाली, आणि नवऱ्याला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मग एकेक ओळ वाचली. किराणा सहा माणसांचा होता. ते तिघं होते. औषधं दुप्पट, वीज दुप्पट, प्रवास दुप्पट. 'इतर' या ओळीत त्याने एवढी रक्कम घातली होती की तेवढ्यात दुसरा एखादा छोटा संसार चालला असता. पगाराच्या रकान्यात मात्र जादा कामाचे पैसे नव्हते, वर्षाचा बोनस नव्हता, आणि तिचा पगार दहा महिन्यांचाच धरला होता.

"हे काय आहे?"

"अंदाज आहे."

"माझा पगार दहा महिन्यांचा?"

"एखाद्या वर्षी तू आजारी पडलीस तर?"

"मी सोळा वर्षांत आजारी पडले नाहीये."

"म्हणूनच," तो म्हणाला. "भार वाढवून धरायचा असतो गं. ताकद कमी धरायची. उद्या काही कमीजास्त झालं तर..."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा आठवड्यांतले चार गेले होते. दोन बँकांना तिने मनसोक्त शिव्या दिल्या होत्या आणि त्यांचा काडीचा दोष नव्हता. ज्याने त्यांना लिहून दिलं होतं की आम्ही कमावतो थोडं आणि उडवतो फार, तो माणूस तिच्याशेजारी मांडीवर टोपी ठेवून बसला होता. तिला रडू आलं असतं, पण रागात रडायला वेळ नव्हता. तिने आत जाऊन कोरा अर्ज मागून आणला आणि बाकावर बसून स्वतःच्या तिरप्यातारप्या अक्षरात सगळं खरं लिहिलं. खर्च आहे तो, पगार आहे तो. नवरा प्रत्येक ओळीला थोडं घशात खाकरायचा. तिने मान वर केली नाही.

अर्ज बदलला तशी बँकही बदलली. टाय लावलेला तरुण हसला. चहा आला. तुम्ही मागताय त्याच्यापेक्षा जास्तच मिळेल, म्हणाला, फर्निचरही करून घ्या. त्याने एक योजना पुढे सरकवली. पहिली दोन वर्षं हप्ता अगदी कमी, जवळजवळ आत्ताच्या घरभाड्याएवढा, मग पुढे बाजारात असेल त्या दराने. मुदत पंचवीस वर्षं. तिला तिथेच ओट्याची नवी फरशी दिसायला लागली. तिने पर्समधून पेन काढलं.

"पुढे बाजारात असेल तो दर म्हणजे जास्तीत जास्त किती?" नवऱ्याने विचारलं.

"ते आज सांगता येत नाही, सर. बाजारावर आहे."

"पण जास्तीत जास्त. वरचा आकडा. तो कुठे लिहिलाय?"

"असा आकडा नसतो, सर."

"प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "इतकी माणसं, इतकं वजन. पाटी नसेल तर परवानगीच मिळत नाही. तुमच्याकडे पाटी कुठे आहे?"

त्या तरुणाने तिच्याकडे बघितलं. तिने चहाकडे बघितलं. शेवटी नवऱ्याने कराराचे सगळे कागद वाचायला मागून घेतले. बावन्न पानं होती. ते पुडकं देताना त्या मुलाचा चेहरा असा झाला, की आजवर कुणी ते घरी नेलेलं नसावं.

चार संध्याकाळी तो ती बावन्न पानं तांबडी पेन्सिल घेऊन वाचत होता. जेवणाचं ताट बाजूला, कागद समोर. आई विचारायच्या, "काय म्हणतंय रे?" तो म्हणायचा, "अजून आत शिरतोय." एक पान झालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिने कपडे वाळत घातले, काढले, घड्या केल्या, आणि मनातल्या मनात दिवस मोजले. भावाने फोनवर विचारलं, "झाली का सही?" तिने सांगितलं, सदतिसाव्या पानावर आलेत. भावाने फोन ठेवला.

सदतिसाव्या पानावरच घोडं अडलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की दोन वर्षांनंतर दर बँक ठरवेल, कधीही ठरवेल, आणि कारण सांगायला बांधील नाही. एक्केचाळिसाव्या पानावर होतं की कर्ज लवकर फेडून मोकळं व्हायचं म्हटलं तर वर दंड. नवऱ्याने एकोणीस प्रश्न एका कागदावर लिहिले आणि बँकेत नेले. ती बरोबर गेली, कारण एकट्याला पाठवणं जिवावर आलं होतं. अकराव्या प्रश्नाला त्या तरुणाने टाय सैल केला.

"सर, असं कुणी विचारत नाही."

"लोक विचारत नाहीत आणि मग आत अडकतात," नवरा म्हणाला. "मी रोज काढतो त्यांना बाहेर."

सही झाली नाही. महिनाअखेरीला आठ दिवस राहिले होते. दोघं घरी आले. जिना चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे आई बसल्या होत्या तिथेच, तिचा संयम संपला.

"तुम्हाला घर नकोच आहे. तसं सांगा ना सरळ. आठ दिवसांनी तो रोकडवाला घेईल आणि आपण बसू इथेच, खिडकीतून फळवाला बघत. दोन वर्षं तरी कमी हप्ता आहे ना? तेवढी तर सुखाने जातील. पुढचं पुढे."

"पुढचं पुढे म्हणजे तिसऱ्या वर्षी," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. "हप्ता दीडपट झाला आणि नाही भरता आला तर घर बँकेचं. मग आपण पुन्हा अशाच कुठल्यातरी जिन्यात. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची असेल. तिला पाठीवर घेऊन चढेन मी, पण उतरवणार कधी?"

तिचा राग तसाच होता, फक्त तो नेमका कुणावर काढायचा ते आता कळत नव्हतं. सर्वांत जास्त संताप येत होता तो याचा, की या माणसाचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाचवा अर्धा दिवस कापून घेतला आणि कुणाला न सांगता कामगारांच्या एका छोट्या पतसंस्थेत गेली. तिथले म्हातारे कारकून तिच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या चष्म्याचा नंबर तिला पाठ होता. संस्थेचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीला लागून कपाटं. चहा कुणी विचारला नाही. तिने पर्समधून खऱ्या अर्जाची नक्कल काढून टेबलावर ठेवला.

"काका, मला एकच सांगा. हप्ता वाढला तर कुठपर्यंत वाढेल, तो आकडा तुमच्या कागदावर आहे का?"

कारकूनकाकांनी कागद चाळून तिसरं पान तिच्यापुढे धरलं. होता. दर बदलणार होता, पण एका रेषेच्या वर जाणार नाही असं शब्दांत आणि अंकांत, दोन्हीत लिहिलं होतं. लवकर फेडलं तर दंड नव्हता. मुदत इथेही पंचवीस वर्षं, आणि सगळी मिळून पानं अकरा. पण पहिल्या महिन्यापासूनच हप्ता त्या टायवाल्याच्या हप्त्याच्या सव्वापट होता, आणि कर्ज घरापुरतंच, वर एक छदामही नाही. तिने तिथेच बसून हिशेब केला. नवा ओटा नाही. कपाटांची दारं लोंबतील तशी लोंबू देत. दोन वर्षं कुठे जाणं-येणं नाही, आणि नवऱ्याला महिन्यातले दोन रविवार कामावर जावं लागेल. तो हसत जाईल, रविवारी लिफ्टमध्ये गर्दी नसते म्हणून. तिला मात्र त्या ओट्याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. सोळा वर्षं ती दुसऱ्यांच्या ओट्यावर स्वयंपाक करत होती.

संध्याकाळी तिने ती अकरा पानं नवऱ्यापुढे टाकली. "वाचा. दोनदाच वाचा. तिसऱ्यांदा वाचलंत तर मी माहेरी जाईन."

त्याने दोनदा वाचली. तिसरं पान जरा जास्त वेळ वाचलं. मग पाठकोऱ्या कागदावर रेषेपर्यंत चढलेला हप्ता मांडला, त्याच्यासमोर जादा कामाचे पैसे न धरता दोघांचे पगार मांडले, आणि कागद तिच्याकडे सरकवला. "वरपर्यंत गेला तरी आपण जेवू," तो म्हणाला. "ओटा राहील तुझा." तिने मान हलवली. तो पुढे म्हणाला, "ओटा मी करीन. एकेक फरशी करून करीन." ती म्हणाली, "तुम्ही प्रत्येक फरशी दोनदा बसवाल, माझ्या पेन्शनपर्यंत होईल." एकोणतीस तारखेला दोघांनी सह्या केल्या. भावाने फोनवर हप्त्याचा आकडा ऐकला आणि म्हणाला, "ताई, तुला फसवलं."

सामान हलवलं त्या दिवशी नवऱ्याने आणि त्याच्या कंपनीतल्या एका दांडग्या गड्याने आईंना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. सात महिन्यांनी आईंचे पाय रस्त्याला लागले. त्यांनी आधी फळवाल्याकडे जाऊन त्याला जे काही सात महिने साठलं होतं ते सुनवलं, आणि मग गाडीत बसल्या. इथवर सगळं सुरळीत झालं, तेव्हाच तिला धास्ती वाटायला हवी होती.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्ट दार उघडून उभी होती. आत दिवा, आरसा, भिंतीवर पाटी: आठ माणसे. आईंनी आत बघितलं आणि बाहेरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"मी यात बसणार नाही."

नवऱ्याला वाटलं आई गंमत करतायत. "अगं, मी तपासलीय."

"तूच सांगायचास ना जेवताना. दार उघडलं आणि मागे लिफ्ट नव्हती. ती बाई तीन तास अडकली. त्या माणसाचा कोट. बावीस वर्षं ऐकतेय मी. मी जिन्याने जाते. नाहीतर इथेच बसते, इथे बरं आहे."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षं रोज रात्री तो ताटावर बसून आपल्या आईला लिफ्टची भीती शिकवत होता, आणि आता त्याच आईसाठी लिफ्टचं घर घेऊन बसला होता, पंचवीस वर्षांच्या कर्जावर. त्याने समजवायला सुरुवात केली. "आई, याला एक दोर नसतो, पाच असतात."

"पाच का लागतात? एखादा तुटतो म्हणूनच ना?"

"नाही गं. आणि पाचही तुटले तरी खाली ब्रेक असतो, तो आपोआप..."

"पाचही तुटतात?" आईंनी कठडा आणखी घट्ट धरला.

जितकं तो सुरक्षितपणाबद्दल बोलत होता तितक्या त्या मागे सरकत होत्या. बाहेर सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याला दुसरी फेरी होती. दांडगा गडी खुर्ची घेऊन चार मजल्यांकडे दीनवाणा बघत होता. नर्सबाई किल्ल्या हातात घेऊन उभ्या होत्या. आणि तिने हात टेकले. घर शोधलं, तीन बँका झाल्या, पाच अर्धे दिवस गेले, ओटा गेला, आणि शेवटी आई जिन्यापाशीच. आजवर या दोघा मायलेकांच्या मध्ये ती कधी पडली नव्हती. आज पडली.

"आई," ती म्हणाली, "इकडे बघा माझ्याकडे. याच माणसाने बँकेची बावन्न पानं वाचली. एकेक ओळ दोनदा. त्या टायवाल्या पोराला घाम फोडला, मला रडकुंडीला आणलं, माझा ओटा घालवला. आणि मी तरीही सही केली. पंचवीस वर्षं मी लोंबकळणार आहे ती याने तपासलेल्या दोरीवर. जागी असताना, शुद्धीवर असताना सही केलीय मी. तुम्हाला फक्त चार मजले जायचंय."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. सोळा वर्षांत ती त्याच्याबद्दल असं काही बोलली नव्हती, आणि आत्ताही ती रागातच बोलली होती.

आईंनी आधी सुनेकडे नीट बघितलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "तपासलीस?"

"तपासली."

"कितीदा?"

"चारदा," तो म्हणाला, आणि जरा ओशाळला.

आईंनी कठडा सोडला. आधी एक पाय आत ठेवून दाबून बघितला, मग दुसरा ठेवला. सुनेचा हात मात्र सोडला नाही, बोटं दुखतील इतका घट्ट धरला. दार बंद झालं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. आईंनी डोळे मिटले होते आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, फरशीला फरशी अगदी बरोबर लागली, आणि दार उघडलं.

तिने पुढे होऊन घराचं कुलूप काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दारापर्यंत ऊन आलं होतं. "या आई," ती म्हणाली, "घर बघा."

आई लिफ्टमधून हलल्या नाहीत. त्यांनी घराकडे बघितलंच नाही. आरशात बघून त्यांनी कपाळावरचे केस सारखे केले आणि मुलाला विचारलं, "खाली जायचं बटण कुठलं?"

"आत्ताच तर वर आलीस. खाली कशाला?"

"मैदान आहे म्हणालात ना समोर," आई म्हणाल्या. "संध्याकाळ होत आलीय. मी फिरून येते."